सोनालीचं अठरावं वर्ष

आम्हा बोरसे मंडळींची एक जुनी खोड आहे. कोणी काही विचारायच्या आधीच आमचं उत्तर तयार असतं. अडचण इतकीच, की विचारणारा भलतंच विचारतो आणि आम्ही पाठ केलेलं तेच सांगून मोकळे होतो. दगा आबा अमळनेरकडनं पहिल्यांदा सुरतेला आले तेव्हा गिरणीच्या दारात मुकादमानं त्यांना नाव विचारलं होतं आणि आबांनी "सगळं काम येतं" असं सांगितलं होतं. घराण्याचा नारळच असा फुटला म्हटल्यावर पुढच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

त्या सोमवारी, रात्रभर जागून, श्रावणात बसवलेल्या कानबाई देवीला निरोप देऊन सगळे पांडेसऱ्याच्या घरी परतले, तेव्हा एरवीसारखं कोणी भिंतीला टेकून पेंगलं नाही. दुपारी मजूर खात्याचा साहेब यायचा होता. "बधाने हाजर राखजो," सगळे घरात पाहिजेत, असं तो शनिवारी बजावून गेला होता. सोनालीही घरीच होती. म्हणजे त्या दिवशीही तिची शाळा बुडलीच, फक्त या वेळी सगळ्यांच्या संमतीनं.

शनिवारी झालं होतं ते असं. आबांच्या थोरल्याचं, हेमराजचं, एका भाड्याच्या गाळ्यात छोटं खातं होतं. रंगून आलेल्या साड्यांचे सुटे धागे कापायचे, घड्या घालायच्या आणि गठ्ठे बांधून परत पाठवायचे, एवढंच काम. सत्त्याण्णव साल होतं आणि दिल्लीच्या कोर्टाच्या हुकुमानं कारखान्याकारखान्यांतून कामावरची पोरं मोजत माणसं फिरत होती. त्यांतला एक साहेब भर दुपारी हेमराजच्या गाळ्यात शिरला. आत गठ्ठ्यावर, हेमराजच्या बायकोला, नूतनला, अगदी खेटून सोनाली बसली होती. सोनाली म्हणजे धाकट्या योगराजची मुलगी, वय तेरा, इयत्ता सातवी. अंगावर शाळेचा निळा फ्रॉक, दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी.

साहेबानं फाईल उघडली. "उमर केटली?"

"अठरा," सोनाली म्हणाली.

यात तिची चूक नव्हती. हेमराजनं हे घरात सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. "कोनीबी फाईलवाला उना आनी वय इचारं, तं अठरा सांगानं. सतरा नही, अठरा." खात्यात घरचं पोर कधी कामाला नव्हतं, पण हेमराजचं म्हणणं, तयारी असलेली बरी. साहेबानं रिबिनींकडे पाहिलं, फ्रॉककडे पाहिलं, आणि जी पोरगी काम करत नाही तिला अठरा सांगायची गरजच काय, असा सरळ हिशेब केला. कोणाची पोरगी म्हणून विचारलं, तर हेमराज घाबरून "घरनी छे साहेब" एवढंच म्हणाला. घरची म्हणजे नेमकी कोणाची, ते बघायला साहेब सोमवारी येणार होता.

"राघोले इचारं मी," हेमराज आता सगळ्यांसमोर सांगत होता. राघो आमच्याच गल्लीतला, कोर्टाच्या आवारात टाईपरायटर घेऊन बसायचा, म्हणून आमच्या लेखी तो निम्मा वकील. "तो सांगस, मालकनी पोर मालकना खातामा हात लावस तं चालस. मालकनी बायको, मालकना भाऊ, हाई बी चालस. कायदामा तेच कुटुंब."

"मंग झालं ना," आबा म्हणाले.

"भाऊनी पोर नही चालस."

आबांना हे समजायला वेळ लागला. भाऊ कुटुंबात आणि भावाची पोर कुटुंबाबाहेर, असं कुटुंब त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. इथे कानबाईचा प्रसाद म्हणून रोट शिजतो तो सगळ्या भाऊबंदांत खायचा, बाहेरच्याला घास द्यायचा नाही आणि तो संपेपर्यंत घरात दुसरं काही रांधायचं नाही. कुटुंब कोणतं, हे त्यांना रोटावरून कळत आलं होतं.

"आनी नही चालनं तं?" भागीरथी आजीनं विचारलं.

"तं तीन महिना आत. नही तं मोठा दंड, खातं बंद."

सगळ्यांचं अडलं. अडलं की आमच्यात एक जण हमखास शहाणपण काढतो. ते आबांनी काढलं. "इतलं काय त्यामा? सांगी टाका, पोर हेमराजनी शे. एक दिननी गोट. साहेब गया का पोर परत योगराजनी."

शाळेत तिच्या नावापुढे योगराजचं नाव लागलेलं आहे, हे तिथे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही खोटं बोलतो, पण पूर्ण नाही बोलत.

पार्वती दारात बसून गहू निवडत होती. तिचे हात थांबले. ती योगराजची बायको, सोनालीची आई. लूमच्या खात्यात बॉबिन भरायला सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. सोनालीच्या पाठीवर तिला काही झालं नव्हतं आणि नूतनला तर काहीच झालं नव्हतं, म्हणून त्या एवढ्या घरात पोर म्हणावी ती एकच.

"आनी तवलोंग मी कोन, आबा?" तिनं विचारलं.

"तू काकू," आबा अगदी सोयीनं म्हणाले.

पार्वतीनं नवऱ्याकडे पाहिलं. योगराज पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्यालाही ते लागलं होतं, पण हे घर थोरल्या भावानं उभं केलं होतं आणि योगराजनं आजवर त्याच्यापुढे एकदाच तोंड उघडलं होतं, तेही जांभई द्यायला. "दादावर केस व्हयनी तं खातं जाई," तो म्हणाला. "खातं गयं तं घर कसावर चाली, पार्वती? एक दिनना सवाल शे."

"माय, तुम्ही तरी बोला," पार्वती सासूला म्हणाली.

भागीरथी आजीचा जीव थोरल्यात जास्त, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिला स्वतःलाही. "कानबाई अजून गल्लीनी बाहेर गयी नही व्हई," ती म्हणाली, "आनी तुम्ही खोटं बोलाले लागनात." सगळ्यांना वाटलं आता ती पार्वतीची बाजू घेणार. पण ती पुढे म्हणाली, "बोलाना शे तं जरा हळू बोला."

नूतन चुलीपाशी होती. ती या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती आणि कोणी तिला विचारलंही नव्हतं. आबांनी 'पोर हेमराजनी' म्हटलं, त्याचा अर्थ पोर तिचीही झाली, हे तिथे तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिला ते आवडलं आणि त्याची तिला लाज वाटली.

"मी एक इचारू?" पार्वती म्हणाली. "शनवारे दुपारले ती खातामा काय करी राहिंथी? शाळा कोठे गयथी?"

दोन दिवस आम्ही सगळे उत्तर रचत होतो आणि मुळातला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांच्या माना सोनालीकडे वळल्या.

"छुट्टी थी," सोनाली म्हणाली. अडचणीत सापडली की ती हिंदीत शिरायची.

"अर्धी सुट्टी व्हती," नूतन घाईनं म्हणाली.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

साहेबाबरोबर एक बाई होत्या. सरलाबाई. भेस्तानकडच्या एका मराठी शाळेतल्या मास्तरीण, मुलं मोजायच्या कामावर लावलेल्या. त्यांनी पदरानं घाम टिपला आणि दाराशीच खुर्चीवर बसल्या. साहेब खाटेवर बसला.

आबा कासावीस झाले. सरकारी माणूस घरी आला की त्याच्यापुढे आधी भरलेली बशी ठेवायची, मग बोलायचं, ही त्यांची आयुष्यभराची विद्या. पण घरात आज रोटाशिवाय काही नव्हतं आणि रोट बाहेरच्याला चालत नव्हता. सगळ्या वर्षात साहेबाला यायला हाच दिवस सापडला. आबांनी शेवटी स्वतः उठून पाण्याचे तांबे आणून ठेवले आणि "थंडं शे," एवढी पाण्याची तारीफ केली.

"तो बोलो हेमराजभाई," साहेब म्हणाला. "छोकरी कोनी?"

हेमराजनं हे वाक्य मघापासून मनात घोटलं होतं. खात्यात पाच-सहा बायांना एका आवाजात गप्प करणारा माणूस, पण आता साहेबासाठी ठेवलेल्या एका तांब्यातलं पाणी तो स्वतःच प्यायला. बायकोकडे पाहायची त्याची हिंमत झाली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे वाक्य त्याला कधी म्हणता आलं नव्हतं. आज म्हणायचं तर ते खोटं.

"मारी, साहेब," तो म्हणाला.

साहेबानं मान हलवली आणि चुलीकडे वळून नूतनला विचारलं, "तमारी छे?"

नूतनला हा प्रश्न नवा नव्हता. बाजारात भाजीवाल्या विचारायच्या, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाया विचारायच्या. ती कधी हो म्हणायची नाही आणि कधी नाहीही म्हणायची नाही, नुसती हसायची आणि सोनालीची रिबीन नीट करायची. आज मान हलवली की पुरे होतं. नवरा सुटत होता, खातं वाचत होतं, सासरा खूश, सासू गप्प, आणि वर पोर मिळत होती. असं सगळं एकदम घरपोच कधी येत नाही. तिनं सहज म्हणून पाहिलं, तर पार्वती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि सोनाली आपल्या आईकडे बघत होती. सोनालीचे ओठ हलत होते. तिला कोणतं उत्तर पाठ करायचं तेच कळत नव्हतं.

"ना साहेब," नूतन म्हणाली. "मारी नथी. पार्वतीनी छे."

हेमराजनं डोळे मिटले. आबा "अगं" म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा तांबा साहेबाच्या आणखी जवळ सरकवला.

"पण काम नथी करती," नूतन पुढे बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "शाळा बुडवीने मारी पासे बेसे छे. शाळा उघडी तबसे. गणितना बाई उभी करे छे, एटले जती नथी. वर्गात चैताली करून बहेनपणी छे, ती हिची हजेरी बोले. मने खबर हती. में बेसवा दीधी."

तीन भाषा एकाच श्वासात. पण आम्हा बोरसे लोकांत इतकं सलग खरं याआधी कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे त्याला भाषा कोणती लावायची हे ठरलेलं नव्हतं.

साहेबाला ते पटलं नाही. ज्या घरात मालक आणि मालकीण दोन वेगळी उत्तरं देतात, तिथे तिसरं खरं असतं असा त्याचा अनुभव. "काम न करती होय तो अढार केम बोली?"

सगळ्यांनी हेमराजकडे पाहिलं.

"ए में शिखवाड्युं," हेमराज म्हणाला.

"शा माटे?"

"टेव छे, साहेब." खरोखर दुसरं कारण नव्हतं. सवय होती.

साहेबानं फाईल मांडीवर घेतली आणि पेनचं टोपण काढलं. आता लिहिलं की झालं. योगराज पुढे सरकला आणि तसाच थांबला. मग पार्वती दारातून आत आली. बाहेर दोरीवर वाळत घातलेली आपली साडी तिनं येता येता ओढून आणली होती. ती तिनं सोनालीच्या अंगावर टाकली.

"साहेब, हिले घडी कराले सांगा," ती म्हणाली. "खातामा काम करस ना? मंग करू द्या."

आपली पोर काय करू शकत नाही, हे आईइतकं कोणाला माहीत असणार.

सोनालीला वाटलं, आता मोठ्या बाबांना, हेमराजला, वाचवायचं तर साडीची घडी झकास झाली पाहिजे. मोठी माय, म्हणजे नूतन, कशी करते ते तिनं रोज बघितलेलं होतं. तिनं पदर हनुवटीखाली धरला, काठाला काठ लावायला गेली, तर एक काठ पायाखाली. तो सोडवला तर दुसरा निसटला. मोठी माय एका झटक्यात साडी हवेत मारते, तशी तिनं मारली, तर ती साहेबाच्या तांब्यावर बसली. शेवटी दोन्ही हातांनी गोळा करून, दाबून, वरून थोपटून तिनं ती साहेबापुढे ठेवली. ती घडी नव्हती, बोचकं होतं.

भागीरथी आजीनं तोंडाला पदर लावला. "तेरा वरीसनी पोर," ती म्हणाली, "आनी हाई घडी."

साहेब त्या बोचक्याकडे बघत राहिला, आणि मग हसला. "हेमराजभाई, आ छोकरी तो कोई खातामां एक दिवस न टके." त्यानं पेनाला टोपण लावलं.

हेमराज सुटला, पण त्याला बरं वाटण्याआधी वाईट वाटलं. दोन महिने पोर घडी करणाऱ्या बाईच्या शेजारी बसली आणि तिला घडी येत नाही, म्हणजे त्याच्या खात्याची अब्रू गेली. हे त्यानं रात्री जेवताना बोलून दाखवलं आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

आबा साहेबाला पोचवायला उठलेच होते, तर सरलाबाई बसूनच होत्या. "बसा आजोबा. मजूर खात्याचं झालं, आमचं राहिलं."

"तुमनं काय?"

"तुमच्या सूनबाईंनी आत्ता सांगितलं ना, पोर दोन महिने शाळेत जात नाही. चौदाच्या आतलं मूल शाळेत पाठवलं नाही, तर पालकाच्या नावानं हुकूम निघतो. मी आजच कळवणार. तरीही नाही पाठवलं, तर कोर्टात उभं राहायचं, दंड भरायचा."

"शाळा पोरनी बुडाई आनी दंड बापले?"

"हो. शिक्षा मुलाला नसते, पालकाला असते."

"आमना टाईमले मास्तर पोरले झोडपे," आबा म्हणाले. "ते स्वस्त पडे."

"तर कोणाचं नाव कळवू? तिला रोज शाळेत पोचवायची जबाबदारी कोणाची?"

मघाशी एका पोरीला दोन बाप होते. आता एकही मिळेना. योगराजला दिवसपाळी, हेमराजला खातं, आबांच्या गुडघ्याला त्याच क्षणी कळ आली. पार्वती सकाळी सातला घर सोडायची.  आणि मग ती सरलाबाईंकडे न बघता नूतनकडे वळली.

"तुले माहीत व्हतं," ती म्हणाली. "आनी रोज संध्याकाळे तू माले सांगे, पोर शाळामातून उनी, जेवनी."

"हा," नूतन म्हणाली.

"कसाले, बाई?"

नूतनकडे या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. "पहिला दिवस रडत उनी म्हनून बठाडी. मंग रोज येवाले लागनी. माले बरं वाटे." तिचा आवाज फुटला. "शाळाना टाईमले ती कोनीच नसे ना, पार्वती. ना तुनी, ना योगराजभाऊनी. तवढी मनी पोर वाटे."

पार्वतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागही तसाच होता. "इतवारे मांगी लेती माझ्यापाशी. मी नही म्हनती का? शाळाना टाईम कसाले चोरा?"

नूतननं डोळे पुसले. मग सरलाबाईंना म्हणाली, "मनं नाव लिखा. मी पोचाडसू तिले."

सरलाबाई पार्वतीकडे बघून म्हणाल्या, "आमच्याकडे पालक म्हणजे आई-बापच पाहिजे असं नाही. मूल ज्याच्या ताब्यात असतं, तोही पालक धरतात. पण आई घरात आहे, तर आईनं सांगायला हवं."

"अमारा कायदामां तो ए फॅमिली नथी," दारात चपला घालत साहेब म्हणाला.

"आमच्यात आहे," सरलाबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे पार्वतीकडे बघत होतो. तिनं जमिनीवरचं साडीचं बोचकं उचललं, झटकलं, आणि त्या साडीची स्वच्छ चौकोनी घडी घातली. 

"लिखा तिनं नाव," ती म्हणाली. "पन दंड पडना तं तिनीच भरो. आनी इतवारे पोर मनी."

"आनी माले कोनी इचारं का?" सोनाली म्हणाली. घरातल्या चौघांनी तिला एकदम गप्प बस म्हटलं.

पाहुणे गेल्यावर भागीरथी आजीनं रोट वाढला. कायद्याच्या कुटुंबातले आणि कायद्याबाहेरचे, सगळे एकाच पंगतीला बसले. खाताना हेमराजनं सोनालीला विचारलं, "आते कोनी वय इचारं तं काय सांगशी?"

"तेरा," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी खात्याला जायच्या आधी नूतननं तिला शाळेत नेलं. सोनाली वाटभर रुसलेली होती. मागे पुढे चालत होती, हात धरू देत नव्हती. फाटकाशी आल्यावर तिनं एकदा विचारलं, "आज एकच दिन तुनापाशी बठू का?" नूतनला हो म्हणावंसं फार वाटलं. तिनं पोरीची रिबीन सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि तिला आत ढकललं.

सोनाली पटांगण ओलांडून गेली, वळून न बघता वर्गात शिरली. आता खात्यात गठ्ठ्यावरची तिची जागा रिकामी राहणार होती आणि ती आपणच रिकामी केली, हे नूतनला तिथे उभं असताना नीट कळलं. ती फाटकाचा गज धरून उभीच राहिली. प्रार्थना झाली, पटांगण ओस पडलं, तरी ती हलली नाही. शेवटी वॉचमन स्टुलावरून उठून आला.

"बेन, हवे जाव," तो म्हणाला. "छोकरी तो क्यारनी अंदर गई. तमारी छे ने?"

"हा," नूतन म्हणाली, आणि खात्याच्या रस्त्याला लागली.